फॅटची चिठ्ठी

जांबोटीच्या डेअरीत सकाळी सातला
किटलीतलं दूध मापात पडतं,
थेंबभर नळीत जातं, यंत्र जरा गुरगुरतं
आणि चिठ्ठी बाहेर येते :
फॅट सात पूर्णांक दोन.
म्हशीला नाही कळत, आम्हाला कळतं
कालपेक्षा आज ती किती खंगली.

आमची चिठ्ठी आली नव्हती.

त्या साली पांढरी जीप ओढ्याच्या अलीकडंच थांबली,
पोरंपोरी चालत आली, बूट हातात घेऊन.
एकोणचाळीस बायांची बोटं टोचली.
बमाकाकूची दोनदा,
पहिल्यांदा रक्त आलंच नाही म्हणून.
कागद कन्नडात, वरची ओळ इंग्रजीत,
अंगठा तेवढा आमच्या भाषेत उठला.
बिस्किटाचा एकेक पुडा दिला
आणि गेली.

मग दोन पावसाळे.
रक्ताचं काय झालं हे विचारायला
कुणाचा नंबरही नव्हता.
भागू पिंगळेला सातव्या महिन्यात चक्कर आली.
डोलीतनं तीन मैल, मग टेंपो, मग खानापूर.
डॉक्टरानं पापणी ओढून बघितली, नळी भरली,
म्हणाला, चार.
चारचं दूध डेअरीसुद्धा परत पाठवते.
भागूलाही परत पाठवलं,
झाकून.

नीलगंगा होसमनी आली ती त्यानंतर.
बेळगावच्या विद्यापीठातली, मराठी अडखळत बोलायची,
'मी तुमचा आरोग्य विचारायला आलो' म्हणायची.
बाया हसल्या नाहीत.
बमाकाकू शेणाचे हात तसेच ठेवून म्हणाली,
आधीचं रक्त परत आण. मग बोलू.

महिन्यानं ती खरंच आली,
झेरॉक्सचं बाड छातीशी धरून.
कुणाच्या तरी प्रबंधात, पान एकशे बारावर,
आम्ही होतो. नावं नव्हती, आकडे होते.
मी दहावी पास, बोट ठेवत ठेवत वाचलं.
ओळ सतरा : वय एकोणीस, सहा पूर्णांक एक.
वस्तीत तेव्हा एकोणीसची एकच होती.

म्हणजे कपाटाला ठाऊक होतं.

नीलगंगा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली.
कुणी तिला चहा दिला नाही. नंतर दिला.

आता मी त्यांच्या कागदावर सहसंशोधक आहे,
दिवसाला साडेतीनशे, आणि भांडायची मुभा.
पहिलं भांडण 'थकवा जाणवतो का?' वर.
सगळ्या 'नाही' म्हणायच्या.
थकवा म्हणजे बसून राहणाऱ्यांचं काहीतरी.
मी तो खोडला. लिहिलं :
पाणी घेऊन चढताना कुठं टेकतीस?
मग बाया बोलल्या.
जांभळीखाली. भुताच्या दगडाशी.
एक म्हणाली, आता घागर नेतच नाही गे, तांब्या नेते.
नीलगंगानं दगडांचा नकाशा काढला.
ज्या खालच्या दगडाशी बसायच्या,
त्यांचं रक्त खरंच सगळ्यात पातळ निघालं.

दुसरं भांडण चौकटींवरनं.
दुखतं : हो, नाही.
बाया म्हणायच्या, दुखूलालंय.
हे 'हो' न्हवं, मी सांगितलं.
हे काल होतं, आत्ता आहे,
आणि उद्याचं कुणी विचारू नये असं.
तिसरी चौकट काढावी लागली.
वर बसलेल्या कमिटीनं ती दोनदा परत पाठवली.

सगळं नीट झालंय असं नाही.
लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते म्हणून
निम्म्या जणी त्या चुलीमागं लपवतात.
नर्सची जागा रिकामीच.
रस्ता वनखात्याच्या फायलीत.
पण टोचलं की तिथल्या तिथं चिठ्ठी,
मराठी आकड्यात, मोठ्या अक्षरात.

काल बमाकाकूनं पदराच्या गाठीतनं
दोन चिठ्ठ्या काढल्या,
एक डेअरीची, एक तिची.
उन्हात धरून दोन्ही माझ्याकडनं वाचून घेतल्या.
म्हैस सात दोन. काकू सात नऊ.
'म्हंजे मी वर हाय की गे,' म्हणाली,
आणि भुताच्या दगडाला टेकून
श्वास परत यायची वाट बघत बसली.